पिकल्या मिठावर पाय

“ही पोर कोनाची गो?”

ह्यांनी मला विचारलं आणि पूर्वा खुदकन हसली. भूजच्या हॉटेलात सकाळच्या नाश्त्याला आम्ही तिघं एका टेबलाशी बसलो होतो. नऊ वर्षांच्या आमच्या नातीला वाटलं, आबा नेहमीसारखी मस्करी करताहेत.

“मी शेजाऱ्यांची, आबा! फुकट खायला आलेय!” असं म्हणत तिनं ह्यांच्या बशीतला ढोकळा उचलला. ह्यांनी बशी झटक्यात छातीशी ओढून घेतली. ते हसत नव्हते.

“आवो, ही पूर्वा. आपल्या नरेशची,” मी हळूच म्हटलं.

“मंग तसं सांगाचं ना,” हे म्हणाले, आणि उरलेला ढोकळाही तिच्यापुढं सरकवला.

मी आजूबाजूला पाहिलं. सहलीत आमच्यासारखी आणखी दहा-बारा आजी-आजोबांची जोडपी होती, प्रत्येकाबरोबर एक-दोन नातवंडं, आणि त्या पोरांनी हॉटेल डोक्यावर घेतलं होतं. आमच्या टेबलाकडं बघायला कोणाला सवड नव्हती. मी निवांत चहा प्यायले.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. गावात कोणी विचारलं तर मी अजून सांगते की सहल फार छान झाली.

हे, म्हणजे हसुराम घरत, पोरवयापासून उरणकडच्या मिठागरात राबले. आधी मजूर, मग मुकादम. खाडीचं पाणी कधी घ्यायचं, कुठल्या वाफ्यात किती दिवस ठेवायचं, मीठ कधी पिकलं आणि कधी ओढून गोळा करायचं, हे त्यांना कोणी विचारायचं आणि त्यांनी बोट बुडवून, जिभेला लावून सांगायचं. पुढं मिठागर बुजलं, त्याच्या जागी कंटेनरची गोदामं उभी राहिली, आणि आमचे हे ओसरीवर बसून राहिले. कधी काळी कच्छचा एक मीठवाला त्यांना म्हणाला होता, “मुकादम, आमच्याकडे मीठ नजर पोचेल तिथवर. कोणी लावत नाही, कोणी ओढत नाही.” ह्यांनी त्याला तोंडावर थापाड्या ठरवलं, पण ती थाप त्यांच्या डोक्यातून तीस वर्षं गेली नाही. माणसं नातवंडांना घेऊन बर्फ बघायला जातात. आमच्या ह्यांना मीठ बघायचं होतं! जन्मभर मिठात राहून माणसाची हौस फिटली नाही, याला काय म्हणावं? पूर्वाला मांडीवर घेऊन ते सांगायचे, “तुना नेन हां मी. आपुन दोगं जाव.” आणि ती पोरही मैत्रिणींना सांगत सुटायची की मी आबांबरोबर मिठाच्या देशात जाणार आहे.

मग ह्यांचं विसरणं सुरू झालं. एकदा बाजारातून घरी येताना वाट चुकले. दुसऱ्यांदा पार पनवेलच्या स्टँडवर सापडले, पायात चप्पल नाही, खिशात पत्ता नाही. त्या दिवशी नरेश मला म्हणाला, “आये, आता ऐक. अशा माणसांना सांभाळायचं एक केंद्र आहे, मी बघून आलोय. परत एकदा असं काही झालं की बाबांना तिकडं ठेवणार. तुझे गुडघे हे असे, आम्ही दोघं कामाला. मी रोज रोज पोलिसात जाऊ शकत नाही.”

नरेश वाईट नव्हता, थकलेला होता. पण पन्नास वर्षांत मी एक रात्र ह्यांच्याशिवाय काढली नव्हती. ह्यांना परक्या खाटेवर कोणी परकी बाई भरवते आहे, हे डोळ्यांपुढं आलं की मी हातातलं काम टाकून ह्यांच्याशेजारी जाऊन बसायचे. तेव्हापासून मी झाकायला शिकले. औषधानं फरक पडलाय असं मी नरेशला सांगितलं. ह्यांना काही विचारलं की उत्तर मीच द्यायचे. आजी-आजोबा आणि नातवंडांच्या या कच्छ सहलीची जाहिरात आली, तेव्हा पूर्वानं हट्ट धरला आणि नरेश म्हणाला, “बाबांना जमेल का, आये? खरं सांग.”

“न जमायला काय झालं? आता ठणठणीत आहेत,” मी म्हटलं.

माझा हिशेब सोपा होता. ह्यांच्यात भान उरलंय तोवर त्यांना ते मीठ दाखवायचं. माझ्यानं पळवत नाही, तर पूर्वा पळेल. निघण्याआधी मी तिला बजावलं, “आबांचा हात सोडायचा नाही. ते मोठे झालेत ना, आता त्यांना लहान झाल्यासारखं वाटतं.” तिला ते फार आवडलं. स्टेशनवर ती ह्यांचा हात धरून “आबा, इकडं या, तिकडं जाऊ नका” करत होती आणि सगळे कौतुकानं बघत होते.

त्या ढोकळ्याच्या सकाळी आम्हाला भूजच्या बाजारात नेलं. मी एका दुकानात शाली बघत होते. पूर्वाच्या चपलेचा पट्टा निघाला म्हणून तिनं क्षणभर हात सोडला, आणि वर बघते तर आबा नाहीत. ती माझ्याकडं आली नाही. एकटीच शोधत सुटली आणि पंधरा मिनिटांनी ह्यांना घेऊन आली. हे एका भांड्यांच्या दुकानात गल्ल्याशी बसून मालकाला “गाडी कवा भरनार?” म्हणून दरडावत होते. पोरीच्या कपाळाला घाम होता, पण चेहरा नुसता फुलला होता.

“आजी, मी शोधलं आबांना! एकटीनं! आता पप्पांना फोन करून सांगते!”

मी तिचा दंड धरला आणि तिला दुकानाच्या मागच्या बोळात नेलं. सहलीवाला मंदार दुसऱ्या टोकाला पोरांना कुल्फी वाटत होता.

“पप्पांना काही सांगायचं नाही.”

“का? मी तर चांगलं काम केलं.”

“पप्पांना कळलं तर ते आबांना कोंडून ठेवतील.”

“मग मी त्यांना सांगीन ना, कोंडू नका म्हणून!”

बोलण्यात ही पोर आईच्या वर. तिला समजवायला वेळ नव्हता, तिकडं हे पुन्हा चुळबुळायला लागले होते. मी तीस वर्षं अंगणवाडी चालवली. लहान पोर कशाला घाबरतं आणि कशानं गप्प होतं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? मी तिचा हात उचलून तिच्या गळ्याला लावला.

“म्हण, आबांची शपथ. कोणाला सांगणार नाही.”

“आबांची शपथ,” ती हसत हसत म्हणाली.

“हसू नको. सांगितलंस तर आबा मरतील.”

तिचं हसू थांबलं. गळ्यावरचा हात तिथंच राहिला.

“चुकून सांगितलं तर?”

“तरी.”

“पप्पांनी ओरडून विचारलं तर?”

“तरी. कोणीही विचारलं, कधीही विचारलं, तरी.”

तिनं मान हलवली. मग बाहेर येऊन तिनं ह्यांचा हात असा घट्ट धरला की हे “सोड गो, दुखतं” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर आम्हाला रणात नेलं. गाडीतून उतरून उंटगाडीत बसलो, आणि ती थांबली तिथं पुढं काहीच नव्हतं, सगळं पांढरं. तो मीठवाला थापाड्या नव्हता.

हे खाली उतरले. आधी नुसते बघत राहिले. मग वाकले, चिमूटभर उचलून जिभेला लावलं, डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा माझ्यासमोर माझा जुना माणूस उभा होता. शपथेवर सांगते, तोच आवाज, तीच मान.

“जाड मीठ हाय. वाऱ्यानं पिकवलंय, उनानं नाय,” ते म्हणाले. “पूर्वा, हिकरं ये. हां बघ दाना. कसा चौकोनी हाय बघ. पानी सावकाश सुकलं की दाना मोटा बसतं.”

तिला त्यांनी नावानं हाक मारली होती. पोरीनं माझ्याकडं पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. बघता बघता सहलीतली सगळी पोरं ह्यांच्याभोवती गोळा झाली. हे काठीनं मिठावर वाफे आखून दाखवायला लागले: इथून पाणी घ्यायचं, इथं तापवायचं, इथं पिकवायचं. “आणि मीठ पिकलं की त्याच्यावर पाय नाय ठेवाचा. चप्पल तर नायच. मीठ म्हंजी लक्षुमी हाय.” मंदार फोनवर चित्रीकरण करत होता. एक नाशिकच्या बाई मला म्हणाल्या, “किती नशीबवान हो तुमची नात!” मी हो म्हटलं. मला रडू येत होतं. वाटलं, झालं, मी जिंकले. नरेशला हे दाखवलं की तो केंद्राचं नाव काढणार नाही.

मंदारनं सगळ्यांना फोटोसाठी लांबवर उभ्या केलेल्या मोठ्या झेंड्यापाशी बोलावलं. पोरं पळाली, त्यांच्यामागून म्हातारी माणसं गेली. माझ्या गुडघ्यांनी दगा दिला म्हणून मी उंटगाडीच्या फळीवर बसले आणि हे माझ्यापासून वीसेक पावलांवर उभे होते. सूर्य खाली आला होता, मीठ लालसर दिसायला लागलं होतं. पूर्वा आबांना सोडून गेली नाही. पण नऊ वर्षांचं पोर ते, तिच्या आनंदाला थारा कुठला? हात पसरून ती त्या पांढऱ्यावर गोल गोल फिरायला लागली. उड्या मारायला लागली. बुटांखाली मिठाचा पापुद्रा कराकरा मोडत होता.

ह्यांनी मान वळवली.

“ए! कोनाची पोर ती?”

ती हसली. “मी शेजाऱ्यांची, आबा!”

“उतर! पिकल्या मिठावर नाचतंस? बूट घालून? उतर खाली!”

खाली कुठं उतरणार? तिथं ना बांध होता ना वाट. ती आणखी एक उडी मारून त्यांच्याकडंच धावली, तिला वाटलं खेळ चाललाय. ह्यांनी काठी उगारली. मी ओरडले, पण माझ्याच्यानं उठवेना. पहिला फटका पडला तेव्हा तिनं हात आडवा घातला. दुसराही त्याच हातावर पडला. तो आवाज मी वीस पावलांवरून ऐकला.

मी खुरडत पोचले तोवर हे काठी टेकून धापा टाकत उभे होते. “हाकललं बघ,” मला म्हणाले. “माजलीत पोरं.” पूर्वा मिठावर बसली होती. डावं मनगट वेडंवाकडं झालं होतं आणि ती त्याच्याकडं दुसऱ्या कोणाचं असल्यासारखं बघत होती. रडत नव्हती.

मंदार धावत आला. “काय झालं? आजी, काय झालं?”

मी आधी ह्यांच्याकडं पाहिलं. तेवढ्यात पूर्वाचा उजवा हात वर गेला आणि गळ्याला लागला.

“मी पडले,” ती म्हणाली.

सुंठीवाचून खोकला गेला. मी म्हटलं, “हो, पडली. पळत होती.”

भूजच्या एका दवाखान्यात तिचा हात प्लास्टरमध्ये घातला. नरेश दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन पोचला. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन काही सांगितलं. तो आत आला आणि पूर्वाच्या खाटेशी उभा राहिला.

“डॉक्टर म्हणतात, पडून असं मोडत नाही. काहीतरी लागलंय. कोणी मारलं का तुला?”

पूर्वा प्लास्टरच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

“पूर्वा, मी विचारतोय. खरं सांग, मी रागावणार नाही.”

ती माझ्याकडं बघत होती. तिच्या बापाकडं एकदाही पाहिलं नाही तिनं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर हे झोपले होते, मान एका बाजूला कलंडलेली. तिनं एक शब्द जरी काढला असता तर त्याच संध्याकाळी नरेशनं त्यांना उचललं असतं.

“ती काय सांगणार?” मी म्हटलं. “मी सांगते. उंटगाडीवर चढू नको, चढू नको म्हणून घसा कोरडा झाला माझा. ऐकलं नाही. तिथून पडली ती चाकाच्या दांड्यावर. तुम्हीच लाडावून ठेवलीय.”

इतकं सांगायची काही गरज नव्हती. “पडली” एवढं पुरलं असतं.

नरेश रात्रभर प्रवास करून आला होता, त्याचे डोळे तांबारले होते. “आणि वर गप्प बसतेस? आजी-आबांच्या जिवाला घोर लावतेस?” असं म्हणून त्यानं तिच्या थोबाडीत दिली. प्लास्टर घातलेल्या पोरीच्या. तिचा उजवा हात पुन्हा गळ्याला गेला. मला त्या वेळी वाईट वाटलं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. मला सुटल्यासारखं वाटलं.

घरी आल्यावर शिक्षा म्हणून तिचा नाचाचा क्लास बंद झाला. ती रात्री अंथरूण ओलं करायला लागली, नवव्या वर्षी. सून प्रणिता मला विचारायची, “आई, तिकडं नक्की काय झालं?” मी कानावर हात ठेवायचे. पाच महिने असे गेले. हे माझ्याजवळ होते, माझ्या हातचं जेवत होते. त्यातले किती दिवस त्यांनी मला ओळखलं, ते मोजायला गेले तर दोन्ही हातांची बोटं पुरतील.

मे महिन्यात प्रणितानं तिला न्हाऊ घालताना विचारलं. ओरडून नाही, मारून नाही. नुसती तिच्या मनगटावरून हात फिरवत बसली आणि विचारत राहिली. पोर फुटली. सगळं सांगितलं: बाजार, काठी, सगळं. तिसऱ्या दिवशी नरेशनं ह्यांना गाडीत घातलं. मी गाडीच्या दाराला धरून राहिले, तेव्हा त्यानं माझी बोटं एकेक करून सोडवली. “आये, माझ्या पोरीचा हात मोडला आणि तू मला तिला मारायला लावलंस,” एवढंच बोलला.

नवव्या दिवशी केंद्रातून फोन आला. ताप छातीत उतरला होता, म्हणाले.

ह्यांचं दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, त्या दुपारी मी मागच्या दाराशी तांदूळ निवडत बसले होते. पूर्वा येऊन उभी राहिली. महिनाभरात पोर वाळून गेली होती.

“आजी, मी मम्मीला सांगितलं, म्हणून आबा गेले ना?”

लहान पोराला अशा वेळी काय सांगायचं, ते मला कोणी शिकवायला नको होतं. नाही गो बाय, आबा म्हातारे झाले होते, त्यांना ताप आला. शपथेनं कोणी मरत नाही, आजी खोटं बोलली. एवढंच सांगायचं. शब्द तोंडात तयार होते. पण माझा माणूस परक्या खाटेवर गेला होता, आणि तो या पोरीच्या तोंडामुळं गेला, असं मला त्या दुपारी मनापासून वाटत होतं.

“मी तुला सांगितलं होतं,” मी म्हटलं.

 ती “हो” म्हणाली, आणि माझ्याशेजारी बसून तांदळातले खडे काढायला लागली.

आता ती एकवीस वर्षांची आहे. नरेश बिऱ्हाड घेऊन पनवेलला गेला, माझ्याशी कामापुरतं बोलतो, प्रणिता तेवढंही नाही. पूर्वा मात्र दर शनिवारी पनवेलहून येते. माझी नखं कापते, गुडघ्यांना तेल चोळते, आठवड्याच्या गोळ्या डबीत भरून ठेवते. गावातल्या बाया म्हणतात, नात असावी तर अशी. ती का येते ते मला ठाऊक आहे. खरं सांगून टाकलं तर ती यायची थांबेल, हेही ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात जेवताना तिनं विचारलं, “आजी, मला बंगळूरला प्रवेश मिळालाय. दोन वर्षांचा अभ्यास आहे. मी जाऊ?”

“जा की गो,” मी म्हटलं. “तुझे आबा एकटेच गेले. मी पन जाईन.”

 ती ताटं उचलून मोरीत घासायला बसली. सोमवारी तिनं बंगळूरला नकार कळवून टाकला.

परवाच्या शनिवारी आली तेव्हा मी तिच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी करून ठेवली होती. ती माझ्या पायाशी बसून तेल चोळत होती.

“आजी, सुटीत आपण दोघीच कुठंतरी जाऊ या,” ती म्हणाली. “तुझ्या मनात असेल तिथं. कुठं जायचं तुला?”

“तू नेशील तिथं,” मी म्हटलं, आणि दुसरा पाय पुढं केला.